वरच्या खोलीतला हेळवी

सांगलीत मोटारसायकलवर तिघं बसतात आणि तिघांच्याही टाळक्याला वारा लागतो. हेल्मेट असलंच तर ते आरशाला टांगलेलं. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागं पडला की परत आरशाला. अशा गावात साध्या सायकलवर हेल्मेट घालून, त्याचा पट्टा हनुवटीखाली करकचून आवळून फिरणारा एकच प्राणी मी पाहिला. पांढरा शर्ट, काळा टाय, छातीवर नावाची काळी पाटी आणि उन्हानं लालभडक झालेलं तोंड. त्याचं नाव एल्डर लार्किन. एल्डर ही पदवी, म्हणजे वडीलधारा. वय वर्षं एकोणीस, आणि मिशी अजून फुटायची होती.

तो आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई, नवरा फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार, आणि घर असं की खाली आम्ही दोघं एकमेकांचे आवाज ऐकून कंटाळलेलो. म्हटलं, वर कुणी असलं तर तेवढीच पायांची खुडबुड. आले ते असे. एक हा लार्किन, दुसरा त्याचा जोडीदार एल्डर चिन्नम, आंध्रातला, सावळा, गोल चेहऱ्याचा. चिन्नमचं सगळं लक्ष चिंचेच्या भातात आणि अर्धं देवात. बेरीज चुकतेय म्हणाल, पण तो माणूसच तसा भरपूर होता.

अमेरिकेत मॉर्मन म्हणून एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यांच्यातली पोरं ऐन उमेदीत दोन वर्षं घरदार सोडतात, पाठवतील त्या मुलखात जातात आणि देवाचं काम करतात. तेही घरचे पैसे घालून. हे मात्र आमच्या गल्लीत कुणाच्या पचनी पडलं नाही. देवाच्या कामात पदरचे पैसे घालायचे असतात, ही कल्पनाच आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना नवीन होती.

पहिल्याच आठवड्यात समोरचे पाटील येऊन कानात सांगून गेले, "मॅडम, जपून ऱ्हावा. धरम बदलाय आल्यात ती." आता खरी गोष्ट अशी, की आपण होऊन धर्माचं काही बोलायचं नाही, असा त्या पोरांना सक्त नियम. कुणी विचारलं तरच सांगायचं. बिचारे विचारण्याची वाट बघत बसायचे. लोकांनी विचारलंही भरपूर. व्हिसा कसा मिळतो, तिकडं पगार काय पडतो, आमचा बारका बी.कॉम. झालाय तर त्याचं कुठं जमेल का. सगळ्यात जास्त प्रश्न पाटलांचेच. देवाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

लार्किनच्या दिवसाला कडी-कोयंडे लावलेले होते. पहाटे उठणं, प्रार्थना, पुस्तक वाचणं, शर्टाला इस्त्री, मग सायकली. कुठं मुलांना इंग्रजी शिकव, कुठं वृद्धाश्रमात फरशी पूस. चहा नाही, कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही, मुलींकडे बघणं नाही. आई-बापाशी बोलायचं ते आठवड्यातून एकदा, सोमवारी, कपडे धुऊन झाल्यावर. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. चिन्नमची दाढ काढली तेव्हा लार्किन डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी टाय लावून उभा. डॉक्टरांना वाटलं, कंपनीचा माणूस तपासणीला आलाय. त्यांनी त्या दिवशी हातमोजे बदलले म्हणे.

आमचे सुभेदार ह्या सगळ्यावर बेहद्द खूश. "ह्येला म्हंत्यात शिस्त," मला ऐकवायचे. "आमच्या फौजेत बी बडी असतुया, जोडीदार. एकाला एक. झोपायचं, खायाचं, मरायचं समदं जोडीनं." मी म्हटलं, "लग्नात पण असंच काहीतरी सांगितलं होतं मला." त्यांनी पेपर वर केला.

रोज सकाळी सुभेदार जिन्यापाशी उभे राहून कडक आवाजात "गुड मॉर्निंग, जवान!" म्हणायचे. लार्किन टाचा जुळवून "राम राम, आबा!" म्हणायचा. ह्या दोघांची कवायत उरकल्याशिवाय आमच्या घरात चहाला आधण पडत नसे. तो चहाही मी आणि सुभेदारच प्यायचो. लार्किनला मी हळदीचं दूध द्यायची. सांगलीत राहून हळद तरी टाळता येत नाही, म्हटलं.

संध्याकाळी मी त्याला मराठी शिकवायची. पोरगं हुशार. त्याचा मुख्य छंद म्हणजे लोकांच्या आज्या-पणज्या. त्यांच्या धर्मात म्हणे घरातली माणसं मेल्यावरही एकमेकांची असतात, कायमची. म्हणून आपल्या पूर्वजांची नावं शोधून ठेवायची, एकही सुटू द्यायचं नाही. नवरा-बायकोसुद्धा मरणापलीकडे बांधलेले. मी विचारलं, "किती जन्म?"

"जन्म नाही, काकू. कायम."

"कायम? अरे, आमच्यात वडाला दोरा गुंडाळून सातच मागतात, आणि त्यातसुद्धा हा कितवा चालू आहे ते कुणी सांगत नाही म्हणून जीव टांगणीला. तुझ्या देवाला सांग, ह्या घरातून अर्ज नाही."

आतून सुभेदार खाकरले. लार्किन हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "आबांना वाईट वाटेल." म्हणजे बघा, माझ्या नवऱ्याला वाईट वाटतं हे मला सातासमुद्रापलीकडून आलेल्या पोरानं सांगायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असायचा. मी मोठ्या मनानं साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप असं ताट वर नेलं. लार्किन म्हणाला, "काकू, उपास आहे." मी म्हटलं, "म्हणून तर आणलंय." तो चिन्नमकडे बघायला लागला आणि चिन्नम ताटाकडे. मग कळलं, ह्यांचा उपास म्हणजे पाणीसुद्धा नाही, आणि दोन जेवणांचे वाचलेले पैसे गरिबाला द्यायचे. एकादशी आणि दुप्पट खाशी अशा परंपरेतली मी. ताट गुपचूप खाली आणलं. सुभेदारांचा उपास नव्हता, तरी त्यांनी ते श्रद्धेनं संपवलं.

पण लार्किनचं नाव झालं ते हुरड्याला. सुभेदारांचं मूळ गाव कवठे महांकाळकडचं. थंडीत ज्वारी निसवली, कणसं भरली की आम्ही जातो. त्या वर्षी ह्या दोघांना नेलं. शेतात सुभेदारांच्या चुलती बसलेल्या, आम्ही त्यांना नानी म्हणतो. वयाचा हिशेब त्यांनी सोडून दिलाय. लार्किन हुरडा खाता खाता त्यांच्याजवळ सरकला आणि मी शिकवलेल्या शुद्ध मराठीत विचारता झाला, "नानी, तुमच्या आईचं नाव काय? आणि तिच्या आईचं?"

नानीनं त्याला वरून खाली न्याहाळलं आणि मला म्हणाली, "अगं, ह्यो हेळवी हाय व्हय?"

हेळवी म्हणजे घराण्याची नावं सांगत फिरणारा. सुगी झाली की तो कर्नाटकाकडून बैल घेऊन येतो, दारात उभा राहून तुमच्या सात पिढ्या खडाखडा म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. पूर्वजांची विचारपूस करणारा दुसरा माणूस नानीनं जन्मात पाहिलेला नव्हता. तेव्हा हा हेळवीच. गोरा निघाला असेल एखादा.

"बैल कुठं हाय रं तुजा?" नानी म्हणाली.

"सायकल आहे," लार्किन म्हणाला.

"बरं झालं. वैरण तरी वाचली. म्हन बगू, तुजं घराणं म्हन आदी."

आणि पठ्ठ्यानं म्हटलं. बाप, आजा, पणजा, खापरपणजा. कोण बोटीतून आला, कोणी पहिला बटाटा लावला, कोणाची पोरं वाटेत थंडीनं गेली. आणि प्रत्येक बाप्याबरोबर त्याच्या बायकोचं नाव, तिच्या माहेरासकट. भोवतीचे सगळे हुरडा चोळायचे थांबले. नानी हनुवटीला हात लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ह्यो बायांची बी नावं घेतुया गं. आमचा हेळवी निसती बाप्यांची म्हंतो. आमी काय आभाळातनं पडलो?"

मग तिनं आपल्या आईचं नाव सांगितलं. काशी. मिरजेकडची, गोरी, लवकर गेलेली. सांगताना तिचा आवाज बारीक झाला. मी त्या घरात सून म्हणून आले त्याला जन्म लोटला, शाळेत पोरांकडून शिवाजी महाराजांची वंशावळ पाठ करून घेतली, पण नानीला तिच्या आईचं नाव विचारावं असं मला कधी सुचलं नव्हतं. सुचलं कुणाला, तर त्या लालतोंड्याला.

नानीनं घरी नेऊन त्याला सूपभर ज्वारी घातली. हेळव्याला रिकामं पाठवत नाहीत. त्यानं पिशवी पुढं धरली, कारण नको म्हणायचं मराठी मी त्याला अजून शिकवलं नव्हतं. गावात वाऱ्यासारखी बातमी पसरली. निघताना चार माणसं गाडीला आडवी. "सायेब, आमच्या पंज्याची नोंद तेवढी काडून द्या. दाकल्याला पायजे." त्यांना वाटलं, ह्याच्याकडे अमेरिकेहून सगळ्या जातींच्या नोंदी आल्यात. त्या ज्वारीच्या भाकरी आम्ही पुढं बरेच दिवस खाल्ल्या. सुभेदार म्हणायचे, "पोरगं कमवतंय."

इथं मला आमच्या पोराचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. महेश आमचा एकुलता एक. आमच्यात आजा फौजी, बाप फौजी, म्हणून हाही भरती झाला. ट्रेनिंगमधून तिसऱ्या महिन्यात निघून आला. मला नाही जमत, म्हणाला. सुभेदारांनी त्याला फाटकातच थांबवलं. "अर्ध्यातनं पळणाऱ्याला ह्या घरात पानी न्हाई," एवढंच बोलले, आणि त्यानंतर चार वर्षं एक अक्षर नाही. महेशनं विट्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी दर गुरुवारी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाते असं सांगून विट्याची एसटी पकडायची. डब्यात त्याच्या आवडीचं काहीबाही. दत्ताला सगळं ठाऊक होतं, तो काही बोलला नाही. सुभेदारांना प्रसाद म्हणून मी स्टँडवरचे पेढे आणून द्यायची. ते कपाळाला लावून खायचे.

तर असं हे घर, आणि त्यात एक दिवस मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत असताना लार्किन येऊन बसला. चिन्नम नियमाप्रमाणे नजरेच्या टप्प्यात, पण कानाच्या टप्प्याबाहेर, माझ्या कुरडयांचे तुकडे खात.

"काकू, मला एक विचारायचं आहे. तुमचा देवावर विश्वास आहे का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? रोज दिवा लावते की."

"दिवा नाही. विश्वास."

आता आली का पंचाईत? इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्यात दिवा लावला का विचारतात, नैवेद्य दाखवला का विचारतात, बाईला तर विटाळ आहे का तेसुद्धा विचारतात. विश्वास आहे का, हे नाही विचारत. मी म्हटलं, "असेल. बघितलं नाही कधी उघडून."

मग त्यानं सांगितलं. त्यांच्याकडे त्या उपासाच्या रविवारी एकेकानं उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं असतं, की हे सगळं खरं आहे हे मला माहीत आहे. माहीत आहे, असंच. तो लहानपणापासून म्हणत आला. घरचे म्हणायचे म्हणून म्हणायचा. आणि इथं आल्यावर, एकट्यानं विचार करायला लागल्यावर, त्याच्या लक्षात आलं की त्याला माहीत नाहीये. "मी आता 'मला आशा आहे' असं म्हणतो," तो म्हणाला. "सगळे चांगले आहेत. कोणी रागावत नाही. पण मी ही पाटी लावतो, लोकांपुढे जातो. पाटी म्हणते माहीत आहे. मी म्हणतो आशा आहे. हे खोटं आहे, काकू."

"अरे बाळा, आठ महिने राहिले. काढ की. सगळं जग असंच काढतंय. आमचे पुजारी काय रोज..." मी बोलता बोलता थांबले, कारण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी परत जायचं त्याच्या मनात होतं, पण त्याची छाती होत नव्हती. त्याच्या गावात दोन वर्षं पुरी करून येणाऱ्याला विमानतळावर फलक घेऊन न्यायला येतात. मध्येच येणाऱ्याला कुणी बोलत नाही, पण कुणी डोळ्याला डोळाही देत नाही. त्याचा बाप बटाट्याचा शेतकरी, बापाचा बापही दोन वर्षं पुरी केलेला. आठ पिढ्या खडाखडा म्हणणाऱ्या त्या पोराला नवव्या पिढीची भीती वाटत होती. मला महेशचा फाटकातला चेहरा आठवला आणि मी मिरच्यांवर राग काढला.

चर्चच्या वरच्या माणसाला त्यानं सांगितलं. तो माणूस भला असावा, विचार करून ठरव म्हणाला. लार्किननं ठरवलं. कसं कोण जाणे, सुभेदारांच्या कानावर गेलं. मला वाटतं चिन्नमनं शेंगदाण्याच्या चिक्कीसाठी फितुरी केली. दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी "गुड मॉर्निंग, जवान" झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुभेदार पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पेपर कधी कधी उलटा असायचा.

आणि एका संध्याकाळी लार्किन स्वतः खाली आला, मागं चिन्नम. सुभेदारांच्या खुर्चीसमोर ताठ उभा राहिला.

"आबा, मी आठ महिने आधी घरी जातो आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळलं, त्याबद्दल माफ करा. मी पळत नाही. जे मला माहीत नाही, ते माहीत आहे असं मी रोज सांगू शकत नाही."

पेपर खाली आला.

"बापाला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"भीती वाटते."

मी स्वयंपाकघराच्या दारात. मनात म्हटलं, आता ह्या पोरालाही फाटक दाखवणार. पण सुभेदार म्हणाले, "नंबर लाव. तिकडं उजाडलं आसंल."

फोनवर एक लांबट चेहऱ्याचा, टोपी घातलेला शेतकरी दिसला. मागं ट्रॅक्टर. आमच्या पाटलांचाच भाऊ शोभला असता. लार्किननं थोडक्यात सांगितलं. तिकडचा चेहरा दगड झाला. तेव्हा सुभेदारांनी फोन हिसकावून घेतला आणि फौजेतलं इंग्रजी परेडला काढलं.

"सर, आय ॲम सुभेदार, रिटायर्ड. युवर बॉय, माय अपस्टेअर. सर, ही नॉट रनिंग. आय ॲम आर्मी. आय नो रनिंग. रनिंग मॅन गो बॅक डोअर. युवर बॉय कम फ्रंट डोअर, टेल माय फेस. व्हेरी गुड सोल्जर, सर."

मग त्या बापानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि जड आवाजात काहीतरी म्हणाला. त्याची खोली तयार आहे, केव्हाही ये म्हणावं, असं ते होतं. लार्किन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणि मग, तिकडच्या लोकांना उगाच चौकशी करायची सभ्यता असते ना, त्या माणसानं विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का?

सुभेदार म्हणाले, "वन सन."

तुम्हाला त्याचा फार अभिमान असेल, तो म्हणाला.

फोडणी करपायला लागली होती, पण मी जागची हलले नाही. सुभेदार फोनकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "यस सर." आणि फोन ठेवला.

मग माझी सहनशक्ती संपली. मी म्हटलं, "वा! अमेरिकेतल्या बापाला सांगायला इंग्रजी सुचलं, आणि विट्यातल्या पोराला सांगायला चार वर्षांत मराठी सुचलं नाही! तो पण पुढच्या दारानंच आला होता, सुभेदार. फाटक तुम्ही लावलंत." एवढं बोलून मी आत गेले आणि करपलेली आमटी तशीच वाढली. चिन्नमनं दोनदा घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी होती. मी भडंग, बेदाणे आणि नानीनं खास पाठवलेली ज्वारीची पुरचुंडी लार्किनच्या पिशवीत कोंबली. त्यानं माझ्या पाया पडून विचारलं, "काकू, तुमच्या आईच्या आईचं नाव?" मी म्हटलं, "गंगू. आणि जाताना रडवू नकोस, मेल्या." मग तो सुभेदारांच्या पाया पडला, पण गाडीत बसेना. खिशातून फोन काढून त्यानं सुभेदारांपुढे धरला.

"आबा, माझ्या बाबांशी तुम्ही बोललात. आता तुमच्या मुलाचा नंबर लावू?"

"इमान चुकंल तुजं."

"चुकू दे."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. हा ढिम्म. सव्वा वर्षात एकाही माणसाला त्यानं आपल्या धर्मातला एक शब्द आपण होऊन सांगितला नव्हता, आणि आता फाटकात उभा राहून हट्टाला पेटला होता. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. शेवटी त्यांनी फोन घेतला. नंबर मला विचारला नाही. त्यांना पाठ होता.

लार्किननं चिन्नमच्या खांद्याला धरून त्याला वळवलं आणि दोघं आमच्याकडे पाठ करून फाटकापाशी उभे राहिले. मला तो अजून तसाच आठवतो, पाठमोरा. घामानं चिकटलेला पांढरा शर्ट, लाल झालेली मान, आणि गाडीनं जायचं असतानाही डोक्यावर हेल्मेट, कारण पिशवीत जागा उरली नव्हती.

पलीकडून महेशचा "हॅलो, कोण?" असा आवाज आला. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. मग दरडावून म्हणाले, "म्हेशा, गुरवारी जेवाय घरी ये. आईला दर गुरवारी औदुंबरला जायाचा तरास कशाला उगंच."

लार्किन मागं वळून न बघता गाडीत बसला.